साहेबांना 'द' लावायचा की नाही

वीरभद्रप्पा सूत सोसायटीत शिपाई होते. यंदा क्लार्कची एक जागा निघाली. अट एकच, इंग्रजीची लेखी परीक्षा. पेपर काढणार मॅनेजर कुमठेकर, तपासणारही तेच. अप्पांनी चाळिशी ओलांडलेली. ही जागा हुकली तर निवृत्तीपर्यंत चहाचे कप उचलायचे.

शेजारचा शिवशरण इंग्रजी साहित्य घेऊन नुकताच बी. ए. झाला होता. नोकरी नव्हती, त्यामुळे वेळ भरपूर होता. तो रोज संध्याकाळी अप्पांना शिकवू लागला. अप्पा भराभर सुधारले. अडले ते 'द'पाशी, इंग्रजीतल्या 'the'पाशी.

"अप्पा, माणसाच्या नावाआधी 'द' लागत नाही. 'द कुमठेकर' चूक आहे."

"काल सूर्याला लागतो म्हणला की!"

"सूर्याला लागतो."

"आन् गंगेला?"

"नद्यांना लागतो."

"मग मोठ्यांनाच लागतोय की, मास्तर. आमच्या साहेबानं काय घोडं मारलंय?"

चुलीपुढून अप्पांच्या पत्नी रत्नम्मा म्हणाल्या, "मला लावा की एखादा. लगीन झाल्यापासनं नुसतीच हाय मी."

शिवशरणने समजावलं, हा शब्द मानाचा नाही. ओळखीची असली तर शेळीलाही लागतो.

अप्पांच्या हातातली पेन्सिल थांबली. "शेळीला 'द', आन् साहेब उघडा?"

या घरात कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कुणी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. शिवशरणला ते कळत होतं. तरी त्यानं नेट सोडला नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अप्पांनी पानभर निबंध लिहिला. एक चूक नाही. आपण उगाच बी. ए. झालो नाही, असं शिवशरणला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा पेपर देऊन खुशीत आले.

"निबंध आला. 'आमचं ऑफिस'. सगळं तुमी सांगितल्यागत लिवलं. फकस्त साहेबांच्या नावाला 'द' लावला."

"कुठं?"

"जितं नाव आलं तितं."

"अप्पा, चूक आहे ते!"

"म्हाईत हाय की. पण तपासणार कोण? तुमच्या नियमापायी साहेबांपुढं टोपी काढून हुबा राहू व्हय?"

जागा गेली, हे शिवशरणनं मनाशी धरलं.

आठवड्यानं निकाल लागला. अप्पा पहिले. दुसरा उमेदवार पदवीधर होता. त्यानं सगळे 'द' जागच्या जागी घातले होते, आणि कुमठेकरांना नुसतंच कुमठेकर लिहिलं होतं. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, भाषा येते, पण भाषेतली अदब येत नाही.

अप्पा पेढे घेऊन आले.

"मास्तर, साहेब तुमच्यावर लई खूश हायत. म्हणले, बाकीच्या शिपायांनाबी असंच शिकवा. सोमवारपासनं."

"असंच म्हणजे कसं?" शिवशरणनं कसंबसं विचारलं.

"तुमी बरोबर शिकवा की," अप्पा म्हणाले. "कुटं लावायचं ते आमी बघतो."