शेडचं नेटवर्क दुपारी चालू राहील

नववीत शाळा सोडून मी चंदगडहून गोव्यात आलो, तेव्हा सुर्ल्याच्या एका शेटनी दाखला न विचारता मला कामावर घेतलं. खनिजाच्या ट्रकांचा त्यांचा धंदा. त्यांच्याच ऑफिसात पडेल ते काम करता करता मी राउटर शिकलो. ते उपकार विसरलेलो नाही. म्हणून तर त्या दुपारी त्यांना आडवं जाणं मला जड गेलं.

ऑफिसपासून ड्रायव्हरांच्या शेडपर्यंत एकच वायर. शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही आणि दुसरी वायर टाकायला शेट तयार नव्हते. मग त्याच वायरवर मी दोन नेटवर्क बसवली, एक ऑफिसचं, एक शेडचं. कुठला डेटा कोणाचा, त्याची खूण राउटर लावतो, त्यामुळे शेडमधल्या मोबाइलला ऑफिसचे संगणक दिसतसुद्धा नाहीत. सगळं झकास. दुपार सोडून.

इथे दुपारी जेवून झोपायचं, आणि ऑफिसला कुलूप घालताना मेन स्विच खाली ओढायचा, ही रीत. राउटर ऑफिसातच, म्हणजे शेडचं नेटही बंद. शेडमधल्या आमच्या घाटावरच्या माणसांना घरी बोलायला मिळते ती नेमकी हीच वेळ. त्या दिवशी एका ड्रायव्हरची बायको बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली होती. त्याने मुलीचं तोंडही पाहिलं नव्हतं.

शेट स्विचकडे निघाले. मी बोर्डाला पाठ लावून उभा राहिलो.

"सर मरे, झोंप येता माका." शेटनी हातानेच बाजूला व्हायची खूण केली.

"ओढू नका, शेट. ऑफिसचं नेटवर्क मी राउटरमधून बंद करतो. शेडचं राहू दे."

"आणि आग लागली तर? शिवाय तुम्ही घाटी एकदा मोबाइल घेऊन बसलात की कामाला उठणार कोण?"

"मी उठवतो सगळ्यांना. आगीसाठी इथेच बसतो. पण राउटर बंद होणार नाही."

"तुला कामावर कोणी घेतला रे?"

"तुम्हीच. म्हणून तोंडावर सांगतोय."

शेट मागे वळले. "पंखो तरी बंद कर," म्हणाले, आणि किल्ली टेबलावर आपटून घरी गेले.

मी उपाशीच बसलो. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं, हेच डोक्यात. तेवढ्यात शेडमधून ओरडा आला, "अगं, दुपटं बाजूला कर की! नाक दिसू दे!" मग सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी शेट परत स्विचकडे निघाले. मी परत आडवा उभा राहिलो.