अर्बाबच्या कॉलेजची मॅच

ऑफिसात जे विकतात त्याचेच किस्से जमतात, असं काही नसतं हं! आम्ही मस्कतमधल्या गाला भागात पंप आणि व्हॉल्व्ह विकतो. चौदा वर्षांत पंपाचा एक किस्सा माझ्या लक्षात राहिलेला नाही. पण अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजच्या फुटबॉलने दोन वर्षांत इतका माल पुरवलाय, की एक सांगायला घेतला तर मागून चार धावत येतात.

मी सुजाता, मूळची डोंबिवलीची, ऑफिसची अ‍ॅडमिन. म्हणजे सगळ्यांच्या रजा, व्हिसा आणि भानगडी माझ्या टेबलावरून जातात. परेरा वसईचा, पर्चेसमध्ये. सावंत कणकवलीचा, स्टोअर सांभाळतो. आणि आमचा मॅनेजर म्हणजे ओमानी मालकाचा मुलगा. मालकाला सगळे अर्बाब म्हणतात, म्हणून हा छोटा अर्बाब. अमेरिकेत इंजिनिअर होऊन आला. येताना डिग्री आणली आणि कॉलेजच्या टीमचं वेड आणलं. डिग्रीचा आम्हाला कधी त्रास झाला नाही.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने विचारलं, "इथे कॉलेज फुटबॉल कोण फॉलो करतं?"

सगळ्यांनी माना डायरीत घातल्या. परेराचा हात वर!

"मी, सर! मी स्वतः कॉलेजात खेळलोय. गोलकीपर होतो."

छोटा अर्बाब हसला. "परेरा, अमेरिकन फुटबॉलमध्ये गोलकीपर नसतो."

परेरा एक सेकंदही अडखळला नाही. "म्हणून तर सोडलं, सर!"

*

आता एवढा लाळघोटेपणा कशासाठी? तर दुक्मसाठी. दुक्ममध्ये आमची ब्रँच निघणार होती, आणि इथून एकाला तिथे तीन वर्षं पाठवायचं होतं. दुक्म म्हणजे मस्कतहून पाच-सहा तास गाडी हाणायची. तिथे रिफायनरी, बंदर, वारा आणि कॅम्पमध्ये राहणारे पुरुष. परेराची बायको इथे हॉस्पिटलात नर्स, मुलगी पुढच्या वर्षी दहावीला. घर मोडल्यासारखंच होणार की! सावंत तर म्हणाला होता, "माका पाठवा. हय काय, थंय काय, कणकवली दोन्हीकडून लांबच." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

परेराने मात्र साधा हिशोब केला: जो साहेबाच्या जवळचा, त्याला साहेब लांब कशाला पाठवेल? मग काय, पठ्ठ्या कामाला लागला. तिकडची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची पहाट. इथे रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस, लोक डोळे चोळत ऑफिसात येतात, आणि हा पाचपासून मॅच बघून, वर मोबाइलवर तिकडच्या पंडितांचे व्हिडिओ पाठ करून तयार! "सर, आपली डिफेन्स लाइन फार सॉफ्ट आहे." आपली! वसईच्या गास गावातून थेट अमेरिकेपर्यंत आपली!

*

सावंतने एकदा डबा खाता खाता त्याच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. पाच मिनिटं पाहिलं, घास तसाच हातात.

"परेरा, ह्यो कसलो फुटबॉल? बॉलाक पाय खंय लागता?"

"लागतो मध्ये मध्ये."

"मगे बाकीचो वेळ ते काय करतत?"

"थांबतात," परेरा म्हणाला.

खोटं नव्हतं ते. चार सेकंद मारामारी, मग चाळीस सेकंद मीटिंग. सावंत म्हणाला, "म्हंजे आपला ऑफिसच झाला!"

*

पोस्टसीझन नावाचं एक प्रकरण असतं. सीझन संपला की निवडक टीम्सना आणखी एक मॅच मिळते, तिला बाउल म्हणतात. कुठला बाउल चिप्सवाल्यांच्या नावाचा, कुठला मेयोनेजवाल्यांच्या. आणि त्यात शिरायला बारापैकी सहा मॅच जिंकल्या तरी पुरतं.

पहिल्या वर्षी छोट्या अर्बाबच्या टीमने बरोब्बर सहा जिंकल्या. परेरा कुरुमच्या बेकरीतून भलामोठा केक घेऊन हजर! "क्वालिफाय झालो! कॅरॅक्टर लागतं हो अशा यशाला!"

मी म्हटलं, "परेरा, आठवीत मुलीला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता."

"मॅडम, ते वेगळं."

"का?"

"तिथे स्कोप होता!"

केक मात्र छान होता. मी दोन तुकडे खाल्ले.

*

वरच्या लेव्हलला प्लेऑफ असतो, आणि त्यात कुणाला घ्यायचं हे एक कमिटी बसून ठरवते. परेराचं यावर जळजळीत मत होतं. पाऊण तास त्याने आम्हाला ऐकवलं, की जास्त जिंकणारा बाहेर राहतो, कमी जिंकणारा आत जातो, सगळी वशिलेबाजी, कष्टाची किंमतच नाही.

सावंतने शांतपणे विचारलं, "आणि तू रोज सकाळी साहेबाच्या केबिनीत काय करतंस?"

त्या दिवशी परेराने चहा एकट्याने घेतला.

*

खरी धमाल रायव्हलरीची. शेजारच्या राज्यातलं एक कॉलेज यांचं हाडवैरी. छोटा अर्बाब त्यांचं नावही घेत नाही, नुसतं "ते लोक" म्हणतो. एकदा पंपाच्या ट्रेनिंगला एक अमेरिकन इंजिनिअर आला, आणि परेराने कुठून तरी हुडकून काढलं की हा "त्या लोकां"पैकी आहे! झालं. त्या बिचाऱ्याला स्टोअरमध्ये, कार्टनवर बसवून ठेवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. वर केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सर, आपला बदला घेतला."

छोटा अर्बाब उठून धावतच खाली आला. त्या माणसाला मिठी मारली, हाताला धरून मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत नेलं, स्वतःच्या जागेवर बसवलं. मग परेराकडे वळून म्हणाला, "भांडण तिकडे. माझ्या दारात तो पाहुणा आहे. कहवा आण. तू स्वतः."

परेरा तासभर कहवा ओतत उभा होता. त्या अमेरिकनाला कप हलवून 'पुरे' सांगायची पद्धत माहीत नव्हती, आणि परेराने ती सांगितली नाही. अकरा कप प्यायला तो माणूस!

*

आणि आता यंदाचा किस्सा. टीम खरोखरच चांगली खेळली, प्लेऑफमध्ये गेली, आणि पहिल्याच मॅचला समोर कोण? "ते लोक"! रविवारी आम्ही आठला ऑफिसात पोचलो तेव्हा मजलिसमध्ये टीव्ही चालू, शेवटची दहा मिनिटं उरलेली. छोटा अर्बाब डोळ्यांवर हात ठेवून बसलेला. शेजारी परेरा जपमाळ ओढत होता. मला खात्री आहे, ती माळ मॅचसाठी नव्हती. दुक्मचं नाव त्याच आठवड्यात ठरायचं होतं.

शेवटच्या मिनिटाला टीम जिंकली! छोट्या अर्बाबने परेराला उचलूनच घेतलं. "परेरा! या ऑफिसात खरा फॅन तू एकटा! म्हणून दुक्मचा मॅनेजर तू! तिथल्या कॉन्ट्रॅक्टरचे सगळे अमेरिकन इंजिनिअर 'ते लोक' आहेत. त्यांच्यासमोर बसायला मला माझा माणूस पाहिजे!"

परेरा पांढराफटक. दोन वर्षं मी त्याची टिंगल केली, पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची फार कीव आली. सावंत त्याच्या कानाशी लागला, "अरे, खरा सांग. चेडवाची दहावी आसा म्हण. माणूस बरो आसा तो, ऐकतलो."

मुलीची दहावी, एवढंच सांगायचं होतं हो! पण दोन वर्षांची सवय लागलेली. परेराने घसा खाकरला, छातीवर हात ठेवला.

"सर, आय मस्ट कन्फेस. मी तुम्हाला फसवलं. मी त्या लोकांचाच फॅन आहे. फ्रॉम चाइल्डहूड!"

 छोट्या अर्बाबने टीव्ही बंद केला.  मग पुढे आला, परेराच्या खांद्यावर हात टाकला आणि अगदी प्रेमाने, आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला,

"तो फिर बहुत अच्छा है, परेरा! उधर सब उन्हीं का आदमी है. तुमको घर जैसा लगेगा. यल्ला, चलो!"