काळ्या कांबळ्यावरची अक्षरं

महाडच्या बाजारातून परतताना भाऊ माझ्या सासरी आला आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाला, "ताई, यमुनाबाई गेल्या." मी तांदळातले खडे बोटांनी चाचपत होते. त्याला आता काही आठवडे झाले. पोलादपूरच्या मुलींच्या शाळेतल्या या माझ्या बाई. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिही, असा भावाचाच आग्रह. माझी अक्षरं मोठाली, एका पानात जेमतेम दोन-तीन ओळी मावतात, तेव्हा छापणाऱ्यांनी रागावू नये.

मला जन्मापासून अंधुक दिसतं. घरी येणारं प्रत्येक माणूस माझ्यापुढे बोटं नाचवून "सांग, किती?" विचारायचं. शाळेत नाव घातलं त्या दिवशी बाईंनी बोटं दाखवली नाहीत. जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, तुला दिसतं तरी कसं?" हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "भाताच्या वाफेतून दिसतं तसं." बाई अशा खूश झाल्या की जणू मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. मग त्यांच्या प्रश्नांना खळ नाही. पिवळं ओळखू येतं का? उन्हात बरं की सावलीत?

मग माझ्यासाठी सामानाची निवड सुरू झाली. आधी दगडी पाटी, आणि भरपूर उजेड म्हणून खिडकीची जागा. पाटी अशी चकाकायची की अक्षर बुडूनच जायचं. बाईंनी माझ्या गालाला गाल लावून, डोळे अर्धे मिटून पाटीकडे पाहिलं. "खरंच की! मलाही दिसेना." मग काजळ फासलेली फळी आणली. तिच्यापेक्षा माझं नाकच जास्त काळं झालं. पुठ्ठ्यावर खळीनं चिंचोके चिकटवून अक्षरं केली, ती उंदरांनी कुरतडली. शेवटी शाळेच्या कोपऱ्यातली सारवलेली कोरडी जमीन आणि तिच्यावर रांगोळीची वीतभर अक्षरं, हे जमलं. कुणाचा पाय पडू नये म्हणून बाईंनी भोवती पाट आडवे लावले. मी रांगत रांगत धडा वाचायची.

शाळा तपासणारे डिपुटी साहेब परीक्षेला यायचे होते. बाबा मुंबईहून गिरणीतून रजेवर आलेले. त्यांनी बजावलं होतं, "सायबानं पटावरनं नाव काढलं तर पोर घरातच ऱ्हाईल. पुन्हा शाळेचं नाव नाय." बाईंना खात्री होती. साहेब सांगतील ते जमिनीवर लिहायचं, की मी वाचणारच.

त्या सकाळी बाई आणि मी शाळेत पोचलो तर आई दारात उभी, हात शेणानं भरलेले. "बाय, सायेब येनार म्हून आख्खी शाळा सारवलीय!" माझ्या कोपऱ्यासकट. ओली जमीन पाटीहून जास्त चकाकत होती. बाईंनी रांगोळी टाकून पाहिली, ती ओलाव्यात विरली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. बाई आईला एवढंच म्हणाल्या, "छान सारवलंत हो," आणि तेवढ्यात बाहेर साहेबांच्या वहाणा वाजल्या.

थंडीचे दिवस, आईच्या खांद्यावर बाबांचं काळं कांबळं होतं. बाईंनी ते मागून घेतलं, चौघडी करून अंथरलं आणि रांगोळीचं भांडं साहेबांपुढे धरलं. "आपणच लिहा. ही वाचेल." साहेब धोतर सावरत खाली बसले. आयुष्यात रांगोळीला हात लावला नसावा, सांडलीच फार. मी वाकले. काळ्या लोकरीनं सगळी चकाकी गिळून टाकली होती. इतकं स्वच्छ अक्षर मी तोवर पाहिलंच नव्हतं. "गाय घरी आली," मी मोठ्यानं वाचलं. साहेबांनी कांबळं झटकून आणखी एक ओळ लिहिली, तीही वाचली. नाव पटावर राहिलं. आई पदरानं डोळे पुसत होती, आणि बाई साहेबांना विसरून माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. "अगं, हे कसं दिसतं? जमिनीपेक्षा बरं? कडा दिसतात?"

बाबांनी त्या कांबळ्याचा तुकडा आपण होऊन कापून दिला. बाईंनी तो फळीवर ताणून बसवला. त्यावर मी शिकले, आणि शाळा सुटल्यावर फळी माझ्याबरोबर सासरी आली. बातमी आली त्या संध्याकाळी मी ती काढून मांडीवर घेतली. कितीही झटकली तरी लोकरीत रांगोळी उरतेच. बोटं फिरवत बसले... बाईंची फार आठवण येते. घरात माझी काळजी घेणारी माणसं पुष्कळ आहेत, पण मला कसं दिसतं हे विचारणारं आता कुणी नाही.