चावीवर आकाराम, खटक्यावर कोण?

कुंडलचा आकाराम लढाईवरून परत आला, तेव्हा त्याच्या हाताला एकच कला उरली होती. मोर्सच्या, म्हणजे तारायंत्राच्या चावीवर बोटं नाचवून कड्-कट्ट करणं. शेतात ती कला कोण विचारतो? थोरल्या भावाने वर्षभर त्याचा नांगर पाहिला आणि हात जोडले, "गड्या, तू आपला सांगलीला जा." मग आकाराम खणभागात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला आणि बायकोला, रंगूबाईला घेऊन दोन खोल्यांत संसार मांडला.

अठ्ठेचाळीस साली त्याला हौशी रेडिओचं सरकारी लायसन मिळालं. लष्कराच्या मोडीतले दोन संच त्याने आणले, एक ऐकायचा, एक पाठवायचा. एरियल मात्र दोन्हींत एकच, छपरापासून चिंचेपर्यंत ताणलेली तार. त्यासाठी भिंतीला पितळी पात्याचा खटका ठोकला. वर केला की तार ऐकायच्या संचाला, खाली केला की पाठवायच्या. त्या तारेवर रंगूबाई लुगडं वाळत घालायला निघाली, तेव्हा तो असा ओरडला की अर्धा खणभाग दारात उभा.

एवढा खटाटोप एका माणसासाठी होता. फलटणचा वजीर. ब्रह्मदेशात दोघे चार वर्षं बिनतारी संदेशाच्या एकाच ट्रकमध्ये होते, एका ताटात जेवले होते. आता वजीर फलटणात घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानेही लायसन काढलं आणि कार्ड धाडलं, "माझा संच तयार. ऐतवारी चार वाजता तू हाक मार, मी ओ देतो."

आकारामने हाक मारली. शेवटचं 'आता तू बोल' म्हणणारं अक्षर वाजवलं आणि कान लावून बसला. नुसती खरखर! पुढच्या ऐतवारी तेच, त्याच्या पुढच्या ऐतवारीही तेच. संच बिघडला म्हणावं, तर एरवी त्याच संचावर मद्रास, सिलोन खणखणीत यायचं.

असे पाच ऐतवार गेले आणि आकारामचं जेवणावरून मन उडालं. दिवस कसे होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं घरंदारं सोडून सरहद्दीपलीकडे जात होती. वजीरही गेला की काय, आणि तोही न सांगता? त्याने तीनदा पत्र लिहिलं आणि तीनदा फाडलं. 'तू हायेस का गेलास' असं मित्राला विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

सहाव्या ऐतवारी साडेतीनला दार धडधडलं. पिशवी घेऊन वजीर उभा, तोंड लालबुंद.

"कान फुटलं का रं तुझं? पाच ऐतवार तुझी हाक येतीया, मी जवाब देतोय, आन तू आपला परत तीच हाक मारतोयस!"

"आयच्यान सांगतो, मला काय बी आलं न्हाई."

"बस. वाजवून दाव."

आकाराम बसला, खटका खाली केला, हाक वाजवली आणि हात कानाकडे नेला. शेजारी उभ्या वजीरचा हात आपोआप उठला आणि त्याने खटका वर ढकलला.

दोघेही त्या हाताकडे बघत राहिले. ट्रकमध्ये खटका पार मागच्या दाराशी होता. चावीवर आकाराम, खटक्यावर वजीर, असा चार वर्षांचा शिरस्ता. नुसतं ऐकायला बसताना तो खटका वर करायचाच, पण हाक संपली की लगेच तो परत वर करायचा असतो, हे आकारामच्या हाताला कधी कळलंच नव्हतं. मग दोघे असे हसले की वजीरने जमिनीवर बसकण मारली.

रंगूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "म्हंजी ह्यांनी हाका मारल्या आन दार लावून घेतलं व्हय?"

त्या दिवशी जेवण चांगलंच रंगलं. पण जे विचारायचं होतं, ते समोर बसूनही आकारामच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने वजीर परतला.

आठवडाभर आकारामने सराव केला. भिंतीवर खडूने 'खटका' लिहिलं. दहातल्या सात वेळा तरीही विसरला. शेवटी रंगूबाईने पदर खोचला.

"सरका तिकडं. शेवटचं लांब-आखूड-लांब वाजलं की वर करायचा न्हवं? पाच ऐतवार तेच ऐकतीया मी."

चार वाजता हाक गेली. लांब, आखूड, लांब, आणि खाट्! खटका वर. खरखरीतून एकेक अक्षर हळूहळू येऊ लागलं, वजीरच्या नवशिक्या हाताचं. आकाराम मोठ्याने वाचत गेला.

"आलास... बाबा. खटक्यावर... कोण?"

खटका खाली. "रंगू," त्याने वाजवलं. खटका वर.

"वैनीला सलाम. तू इचारलं न्हाईस, तरी सांगतो. मी हितंच हाय. कुटं बी जाणार न्हाई."

आकारामने शेवटचा शब्द वाचला. डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाहत होतं, तोंड हसत होतं, आणि चावीवरची बोटं काही केल्या हलेनात.

रंगूबाईने त्याच्या गुडघ्याला ढोसलं. "आवं, बोला की आता. खटका कवाचा खाली केलाय मी."