मिठाच्या शेवया

उन्हाळा लागला की बेला गावातल्या बायकांना प्रयागबाईची आठवण व्हायची. एरवी वर्षभर ती कुठे आहे, काय खाते, कुणी विचारत नसे. पण गहू भिजवायची वेळ आली की वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत तिच्या नावाचा पुकारा. गहू किती ओले ठेवायचे, सोजी कशी गाळायची, पीठ किती तिंबायचं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. बाजेवर उतरता पाट लावायचा, वरच्या टोकाला प्रयागबाईनं बसून तळहातानं पीठ रेटायचं, आणि खालच्या टोकाला दुसरीनं केसासारख्या तारा झेलून वाळत घालायच्या. तिच्या शेवया पाहून सुगरणी म्हणवणाऱ्या गप्प बसत.

मात्र पाटावर पहिला हात तिचा नसे. महिपत रांगत होता तेव्हाच तिचा नवरा गेला होता, आणि शुभाच्या कामाला पहिला हात सवाष्णींचा. प्रयागबाई पीठ तिंबून द्यायची आणि कुणी सांगायच्या आत भिंतीकडे सरकून बसायची. पाच सवाष्णींनी जाड्याभरड्या तारा ओढून झाल्या की सगळ्या म्हणायच्या, "या मावशी आता." मग खरं काम सुरू व्हायचं. माणसाला बाजूला बसवायचं आणि कामही त्याच्याकडूनच करून घ्यायचं, हे आपल्या लोकांना फार छान जमतं.

त्याच हातांवर आणि घरामागच्या तुकड्यातल्या वांग्या-कांद्यांवर तिनं महिपतला वाढवलं. पोरगा मोठा झाला, लग्न झालं, वांकिडीच्या चंपतरावांची विमल सून म्हणून आली. वांग्यांत तिघांचं भागेना, म्हणून महिपत गोदावरीकाठच्या मंचेरियलला गेला. कोळशाच्या गाड्या भरणाऱ्या एका ठेकेदाराकडे त्याला काम मिळालं. राहायला चौघांत एक खोली, आणि खोलीत घासलेटचा एक स्टो. तो रोज पेटण्याआधी चौघांचे हात दुखवायचा.

तिथल्या स्टेशनाबाहेर महिपतनं पहिल्यांदा त्या पाकिटातल्या शेवया खाल्ल्या. गरम पाणी, वरून मसाला, आणि दोन मिनिटांत वाटी पुढ्यात. पोराला वेड लागलं. पण पाकीट महाग आणि त्यात पोट काही भरत नसे. मायनं दिलेल्या शेवयांची पिशवी मात्र खुंटीला तशीच लटकत होती, कारण दूध-गूळ आणायचं कुठून? एका संध्याकाळी भुकेनं कळवळलेल्या महिपतनं पिशवी खाली काढली. आणि आपल्याकडे सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं ते केलं. शेवयांत मीठ घातलं.

दिवाळीला घरी आला तेव्हा स्वतःच चुलीपुढे बसला. तेलात मोहरी तडतडली, ठेचलेला लसूण गेला, उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, एक टमाटा. पाणी हात सोडून घातलं, मीठ टाकलं, आणि उकळी फुटल्यावर भाजलेल्या शेवयांची मूठ आत सोडली. प्रयागबाई ओरडली, "अरे मीठ काऊन टाकून राह्यला शेवयात? सणाची वस्तू हाय ते! शेजारीपाजारी आयकतील तं काय म्हनतील?"

"म्हनू दे. तू आधी खाऊन तं पाह्य," महिपत म्हणाला.

शेवया शिजायला दम लागतो कुठे? वाटीत रस्साच जास्त, त्यात शेवया तरंगताहेत. नवी सून पदरात तोंड घालून हसत होती. प्रयागबाईनं नाक मुरडत एक घोट घेतला, दुसरा घेतला, वाटी संपवली. "औषधासारकं लागते," ती म्हणाली आणि वाटी पुन्हा पुढे केली. पुढे आळीभर बोभाटा झाला की प्रयागबाईच्या घरी शेवयांची आमटी करतात. पण विमल ती करायला शिकली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात महिपत गेला. गेला म्हणावं की नाही, इथूनच सगळा घोळ सुरू होतो. गोदावरी भरून आली होती, तो आंघोळीला घाटावर गेला. खोलीतल्या सोबत्यांना पायरीवर त्याचा सदरा आणि चपला सापडल्या. माणूस सापडला नाही. खाली चार गावांपर्यंत शोध झाला, काही नाही. सोबत्यांनी सदरा आणून प्रयागबाईच्या हातात दिला. तिनं तो धुतला, वाळवला, घडी करून ठेवला आणि म्हणाली, "आला म्हंजे घालन."

भावकीतले म्हातारे आले. प्रेत मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचं माणूस करून त्याला अग्नी देतात, ते करून घ्या म्हणाले. ती म्हणाली, "जित्या पोराले जाळू? तुमच्या घरी हायेत ना पोरं, त्यायले जाळा." म्हातारे जोडे घालून निघून गेले. तिच्या जिभेच्या वाटेला आधीच कुणी फारसं जात नसे, आता तर कुणीच गेलं नाही.

पण उन्हाळा आला. आणि उन्हाळ्यात गाठ शेवयांशी. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरी वर्षाच्या आत शेवया-पापड करत नाहीत. भावकीतल्या बायका आपल्या घरून नेऊन देतात. म्हणजे कुणाच्या घरी पाट लागला नाही, यावरूनच परक्या माणसालाही त्या घरचं दुःख कळतं. सगळ्या आळीचं लक्ष प्रयागबाईच्या अंगणाकडे. तिनं अंगण सारवलं, बाज टाकली, पाट लावला आणि शेजारच्या बयनाबाईला हाक मारली. बयनाबाई आली, आणखी दोघी आल्या, पण हात लावताना त्यांच्या जिवावर आलं होतं. प्रयागबाईनं विमलला पुढे ढकललं, "पयला हात तुहा." विमलच्या कपाळावर कुंकू होतं. तिनं पीठ रेटलं. प्रयागबाई भिंतीशी बसून सुनेच्या कपाळाकडे बघत होती. आपण जे भोगलं ते या पोरीला भोगू देणार नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि त्यात तिचं काय चुकलं?

चुकत होतं ते वेगळंच. विमल बाईसारखी बाई, धड सवाष्ण नाही आणि धड विधवा नाही. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, बायकांना कळेना. दिवसभर लोकांच्या रानात कापूस वेचायचा, संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवायची. आणि रोज संध्याकाळी ती काय करायची? त्याच मिठाच्या शेवया. प्रयागबाई चुलीतल्या उजेडात तिच्याकडे बघायची आणि तिला धीर यायचा. आपण एकट्या नाही. ही पोरगीही वाट पाहतेय, रोज त्याचंच रांधतेय. जगातल्या कुणावर नव्हता एवढा भरवसा तिचा त्या पातेल्यावर होता.

दुसरा उन्हाळा तोंडावर आला आणि चंपतराव वांकिडीहून आले. अचानक आलेल्या पाहुण्यापुढे विमलनं शेवयांचीच वाटी ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली.

"इहीनबाई, एक माणूस हाय," ते म्हणाले. "आसिफाबादले किराण्याचं दुकान हाय त्याचं. बायको वारली. विमलसंग लगन करतो म्हनते. पन तुमी एकदा तोंडानं म्हना, का महिपत नाई राह्यला. तुमी म्हनल्याबिगर भावकी सोडत नाई, अन् तो बी पुढं येत नाई."

प्रयागबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "लाज नाई वाटत? माह्या पोराची बायको हाय ते! इचारा तिले. रोज त्याचंच रांधते. वाट पाहून राह्यली ती. सांग व विमल, सांग तुह्या बापाले!"

विमल चुलीपाशी होती. तिनं लाकूड आत सरकवलं. मग मान वर न करता सासूला म्हणाली, "मामीजी, मले भूक लागते."

"काय?"

"कापूस वेचून येतो तं भाकरी थापाची ताकद नाई राहत अंगात. हे लवकर होते. सस्त्यात होते. म्हनून करतो. दुसरं काई नाई."

एवढंच. ती रडली नाही, ओरडली नाही. प्रयागबाईला वाटलं, कुणीतरी आपल्या मुस्काटात मारली. चंपतराव खाली मान घालून बसले होते. माणूस चांगला, पण अशा वेळी काय करावं हे त्यांनाही सुचेना, म्हणून सारलेली वाटी ओढून ते थंडगार शेवया खाऊ लागले.

सकाळच्या बसनं ते परत गेले. प्रयागबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. कृतघ्न म्हणाली, पोटभरू म्हणाली, सगळं मनातल्या मनात. पण नजर काही बंद करता येत नाही. संध्याकाळी विमल रानातून यायची तेव्हा उंबऱ्यावर आधी बसायची आणि मग आत यायची. तिची बोटं बोंडांनी ओरबाडलेली असत. हे रोजचंच होतं आणि प्रयागबाईनं ते एकदाही पाहिलं नव्हतं. ती पातेलं बघत होती. पोरीचं वयच काय? प्रयागबाई विधवा झाली तेव्हा एवढीच होती, आणि तिच्या मांडीवर निदान महिपत होता. हिच्या मांडीवर कोण? तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

बयनाबाईकडे पोरीचं लग्न निघालं होतं, म्हणून त्या वर्षी पहिला पाट तिच्या अंगणात लागला. आळीभरच्या बायका जमल्या. सवाष्णींचे हात होऊन गेले, प्रयागबाई वरच्या टोकाला बसली, खालच्या टोकाला विमल तारा झेलत होती. काम रंगात आलं. कुणाच्या घरी कुठल्या दिवशी पाट लावायचा ते अशा वेळीच ठरतं. बयनाबाईनं एकेकीला विचारत विचारत सहज विचारलं, "मावशी, तुमच्या घरचे गहू कदी भिजू घालाचे?"

प्रयागबाईचा तळहात पिठावर तसाच राहिला.

"औंदा आमच्या घरी शेवया नाई," ती म्हणाली.

कुणी "काऊन" विचारलं नाही. आईच्या तोंडून पोराच्या मरणाची खबर आली होती, ती सगळ्यांना कळली. विमलच्या हातातल्या तारा खाली घसरल्या. तिलाच हे हवं होतं, आणि तीच सगळ्यांत आधी हंबरडा फोडून रडली. मग प्रयागबाई रडली. दोन पावसाळ्यांचं रडणं होतं ते. "महिपत, माह्या बाप्पा," म्हणत तिनं पिठाच्या हातांनी तोंड झाकून घेतलं. बयनाबाईनं तिला धरून ठेवलं.

तेवढ्यात आळीतली सगळ्यांत म्हातारी जयवंताबाई काठी टेकत उठली. असं झालं की जे करायचं असतं ते करायला कुणीतरी म्हातारी उठतेच. ती विमलपाशी गेली, पदराचं टोक ओलं केलं आणि कुंकू पुसायला तिच्या कपाळाकडे हात नेला.

प्रयागबाईनं पाट ओलांडून तिचं मनगट धरलं.

"तिच्या कपाळाले हात नाई लावाचा," ती म्हणाली. "पोरगा माहा मेला. तिले आसिफाबादले द्याची हाय."