काहीच कमी नसलेल्या शहरातला जुगार

धारवाडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून केशवापूरच्या घरी बसून मी अधूनमधून विज्ञानकथा लिहिते. गेल्या वर्षी डोक्यात एक शहर आलं होतं. समुद्रकाठचं, जुगारावरच उभं राहिलेलं. काळ असा, की जगात कुणाला कशाची ददात उरलेली नाही. यंत्रं पिकवतात, रांधतात, घरं बांधतात, दुखणी बरी करतात. मग अशा शहराचं काय होईल? ते ओस पडेल, असं मला वाटलं. ज्याला काही मिळवायचंच नाही तो खेळेल कशाला? जुगाराच्या दालनांत कबुतरं घुमताहेत, असा शेवटही मी लिहून टाकला.

तो खर्डा मी अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, वाचायला दिला. अण्णाने सरकारी नोकरीत जन्म काढला आणि त्यातली बरीच वर्षं पत्त्यांत घालवली. आमच्याच शहरातल्या कमरीपेठेत एका दुकानाच्या माडीवर पत्ते खेळणाऱ्यांचा अड्डा असे. पैसा गेला तो गेलाच, पण घरात आम्ही ज्याचा उल्लेख टाळतो ती गोष्ट वेगळी. मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा अण्णा मांडवात नव्हता. डाव सोडून उठवेना म्हणून माडीवरच बसून राहिला. मुलगी अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलते. त्यानंतर मात्र त्याने पत्त्यांना हात लावला नव्हता.

वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला. "हे खोटं आहे, तंगी," तो म्हणाला.

तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. तो मला हीच हाक मारतो. तंगी नसलेल्या शहराची गोष्ट तंगीच लिहितेय, अशी थट्टाही त्याने आधी केली होती. आता तो हसत नव्हता.

"शहर ओस पडणार नाही. उलट गर्दी वाढेल की. पैशासाठी कोण खेळत होतं?"

मग कशासाठी, असं मी विचारलं. पत्त्याचं पान उलटण्याआधीच्या त्या क्षणासाठी, तो म्हणाला. त्या क्षणात घर नसतं, नोकरी नसते, पोरंबाळं नसतात. ज्यांच्या दिवसात काही घडतच नाही, त्यांना तर तो जास्तच हवासा वाटेल. पण सगळं फुकट मिळत असताना ती माणसं डावावर लावणार काय? असं मी विचारलं.

"यंत्राला परत करून देता येत नाही ते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. त्या शहरात लोक आठवणी लावतील, असं त्याने ठरवलं. आईचा आवाज, लेकराचं पहिलं पाऊल. हरला की ती आठवण कायमची पुसली जाणार. मी भराभर लिहून घेत होते. इतकी चांगली कथा माझ्या हातून कधी उतरली नव्हती. पण नियम सांगताना अण्णाचा आवाज खाली येई, समोर ठेवलेला चहा गार होई, आणि मी हाक मारली तरी त्याला ऐकू जात नसे. हा अण्णा मी पूर्वी पाहिला होता. वहिनीनेही फोन करून विचारलं, की हे रात्ररात्र जागे का असतात. कथेचा विचार करत असेल, असं मी सांगितलं.

एकदा तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला, की गोव्याला जाऊन एकदा ती जुगाराची बोट बघून येऊ, तुझ्या कथेला उपयोग होईल. मी नको म्हटलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

त्याच आठवड्यात एका सकाळी वहिनीचा फोन आला. माझ्याकडे येतो म्हणून तो केव्हाच निघाला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी रिक्षा करून कमरीपेठ गाठली. त्या माडीवर आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. खालच्या दुकानदाराने कन्नडमध्ये सांगितलं, की अण्णांना पाहून वर्षं झाली. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मला ती बोटच दिसू लागली. स्टेशनवर गेले तर गोव्याकडची गाडी निघून गेली होती. मी बाकावर बसून त्याचा नंबर लावत राहिले.

दुपारी त्याचाच फोन आला. गोव्याच्या वाटेवर अळणावरला उतरलोय, एवढंच तो म्हणाला.

मी धारवाडमार्गे बसने गेले. तो फलाटावर एका झाडाखाली बसला होता, शर्ट घामाने भिजलेला. मी शेजारी बसले. तोच सांगू लागला. धारवाड मागे पडल्यावर त्याला फार बरं वाटू लागलं होतं, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली, आणि गाडी थांबताच तो उतरला.

"त्या शहरात मी काय लावलं असतं, ते मला गाडीत कळलं," तो म्हणाला. "मुलीचं लग्न. मी पाहिलंच नाही, तरी तेच लावलं असतं. हरलो असतो तर मी तिथे नव्हतो हेसुद्धा विसरलो असतो."

मी त्याचा हात धरला. कथा फाडून टाकू का, असं विचारलं.

"पुरी कर. पण मला वाचून दाखवू नकोस. आणि आज उतरलो म्हणून उद्याचं काही सांगता येत नाही."

घरी गेल्यावर त्याने वहिनीला सगळं स्वतः सांगितलं. ती रागावली नाही, तिने त्याला जेवायला वाढलं. मी कथा पुरी करून पाठवली. त्यातलं शहर आता गजबजलेलं आहे.

अण्णा अजूनही माझ्याकडे येतो. तो घराबाहेर पडला की वहिनी मला फोन करते, आणि तो पोचला की मी तिला करते. त्याला हे माहीत आहे, तो हरकत घेत नाही. परवा बसला उशीर झाला. फाटकाची कडी वाजेपर्यंत मी दारात उभी होते. आत आला तेव्हा त्याच्या हातात केळ्यांचा घड होता, आणि मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.