सुधाकरच्या वहीतला ‘शांत’ शेरा

“स्किझोफ्रेनिया,” डॉक्टर म्हणाले. मी स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं. भोकरदनहून औरंगाबादला पहिली एसटी, केसपेपरची रांग, बाकावरचे चार तास. आणि हाती एक शब्द. माझा धाकटा भाऊ सुधाकर, वय तेवीस, शेजारी बसून छताच्या पंख्याकडे बघत होता.

“म्हणजे माणसाची दोन मनं होतात का?”

“नाही बाई. मन एकच. विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी असलेली गाठ सुटते.”

तुमच्या घरी हा आजार आला तर शेजारी दोन मनांचंच सांगतील. ऐकू नका.

सुधाकर जालन्याच्या बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायला होता. डबा फेकून द्यायचा. मालकाने विष कालवलंय म्हणायचा. हे डिल्यूजन, म्हणजे कितीही पुरावा दिला तरी न हलणारी खोटी खात्री. रिकाम्या खोलीत त्याला माणसं शिव्या देताना ऐकू यायची. हे हॅल्युसिनेशन, म्हणजे नसलेलं ऐकू येणं, दिसणं.

माय म्हणाली, “लागीर आसंल. दर्ग्यावर नेऊन बघू.”

“माय, धम्म घेतला तवा घरातले ताईत चुलीत कोणी टाकले?”

“म्याच टाकले. पर लेकरू माझं हाय न्हाई का?”

दवाखान्यात येण्याआधीचे दोन महिने या वादात गेले. त्याचा माझा राग अजून गेलेला नाही.

केसपेपरवर पुढे ‘पॅरानॉइड’ लिहिलं होतं. एकूण प्रकार किती, मी विचारलं. डॉक्टरांनी चार सांगितले. पॅरानॉइड, संशयाचा आणि आवाजांचा. हेबेफ्रेनिक, बोलणं-हसणं विस्कटलेला. कॅटाटोनिक, शरीर एकाच स्थितीत गोठणारा किंवा एकदम खवळणारा. सिंपल, गाजावाजा न होता माणूस मिटत जाणारा. मी चार रकाने आखले आणि पहिल्यात खूण केली. काम सोपं झालं असं वाटलं.

क्लोरप्रोमाझिनच्या गोळ्या सुरू झाल्या. तोंड कोरडं पडायचं, झोप फार यायची. पण दीड महिन्यात आवाज थांबले, डबा फेकणं थांबलं. मी रोज शेरा लिहायची: शांत. शांत. शांत.

साठ पोरांच्या वर्गावर मी पंधरा वर्षं घालवली होती. गप्प पोरगं म्हणजे चांगलं पोरगं, हे हातात मुरलं होतं.

मालकाने जागा पोळ्यापर्यंतच राखून ठेवली होती. म्हणून पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी सुधाकरला कामावर घेऊन गेले. तो टेबलाशी उभा राहिला, बियांची मूठ भरली आणि तसाच राहिला. तासभर.

“मास्तरीणबाई, पुतळा आणून राह्यल्या का काय?” एक जण म्हणाला. सगळे हसले. मूठ मी उघडली. जागा गेली.

दुसऱ्याच दिवशी मी वही डॉक्टरांपुढे आपटली. “महिनाभर शांत होता! हे मधेच कुठून आलं?”

त्यांनी पानं चाळली. “अंघोळ?”

“सांगितल्यावर.”

“स्वतःहून बोलतो?”

मी वही ओढून पानं चाळली; तसं कुठेच लिहिलं नव्हतं.

“बाई, नको ते आलं ते तुम्ही टिपलंत. हवं ते गेलं, ते टिपायचं राहिलं. बोलणं, इच्छा, हसू. तेही लक्षणच. थोडं गोळ्यांचंही असेल, मात्रा मी बघतो. तुम्ही परस्पर बंद करू नका.” आणि ‘पॅरानॉइड’च्या पुढे त्यांनी ‘कॅटाटोनिक?’ लिहिलं, प्रश्नचिन्हासकट.

“मग नक्की प्रकार कोणता?”

“या शाळेच्या तुकड्या नाहीत. एकच माणूस या तुकडीतून त्या तुकडीत जातो.”

मला एक नाव हवं होतं. मिळालं नाही. घरी येऊन नवा रकाना आखला: ‘आज स्वतःहून काय केलं?’ एकोणीस दिवस तो कोरा राहिला. इतके कोरे रकाने मी आयुष्यात ठेवले नव्हते.

विसाव्या दिवशी मी चहा गाळत होते.

“ताई, तू माझ्याबद्दल काय लिवत राह्यलीस? दाव.”

मी गाळणी तशीच ठेवून वही दिली. त्याने एकेक पान सावकाश वाचलं. कारखान्यात गेलो त्याच्या आदल्या दिवसावर बोट ठेवलं.

“हे चुकलं. मी शांत नव्हतो. भ्यालो होतो.”

मग पेन्सिल मागितली आणि शेरा खोडला. मागच्या पानांवर जाऊन आणखी बरेच खोडले. मी मोजले नाहीत.

माझ्यासारखं टिपण ठेवत असाल तर जरूर ठेवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पण ज्याचं आहे त्याला ते वाचायला द्या. आता शेरा सुधाकरच लिहितो. काही दिवस कोरे असतात. कोऱ्या रकान्याला मी हात लावत नाही.